पीएचएचा टक्का पुन्हा पडला? कल्चर फेकून देण्याआधी हे बघा

सांडपाण्याच्या गाळातून बायोप्लॅस्टिक काढणाऱ्या एका छोट्या पायलट सेटअपवर मी बरीच वर्षं घालवलीत, आणि एकच दुखणं इतक्या वेळा निस्तरलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. सगळं छान चाललेलं असतं, गाळाच्या वजनात ४०-४५ टक्के पीएचए, म्हणजे बॅक्टेरिया पोटात साठवतात ते प्लॅस्टिक, येत असतं, मग एका बॅचला ३५, पुढच्या बॅचला २२, आणि तिसऱ्या बॅचला रिपोर्ट कुणाला दाखवावासाच वाटत नाही. अशा वेळी कल्चरवर, म्हणजे टाकीत जमवलेल्या बॅक्टेरियांच्या वस्तीवर, बोट ठेवत प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य येतं, "कल्चर गेलं, नवीन गाळ आणू." मी पण पहिल्यांदा तेच केलं, जुना गाळ ओतून दिला, नवीन कल्चर बसवण्यात दीड महिना घालवला आणि दीड महिन्यानंतर ये रे माझ्या मागल्या. कल्चरला काही झालंच नव्हतं, फीड पंपाची नळी ढिली झाली होती.

आपण एकाच प्रकारच्या सेटअपबद्दल बोलतोय ना, ते आधी बघून घ्या. पहिल्या टाकीत गाळ हवेशिवाय सडवायचा, त्यातून ॲसिटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक, व्हॅलेरिक अशी छोटी आम्लं निघतात, त्यांना सगळे व्हीएफए म्हणतात. दुसरी टाकी एसबीआर, म्हणजे भरणं, हवा देणं, गाळ बसवणं आणि पाणी काढणं हे सगळं आळीपाळीने एकाच टाकीत चालतं ती, तिथे हवा चालू असते आणि दर १२ तासांनी व्हीएफए एकदम दिलं जातं, म्हणजे थोडा वेळ मेजवानी आणि उरलेला सगळा वेळ कडकडीत उपास. जे बॅक्टेरिया मेजवानीत पटापट पीएचए साठवतात आणि उपासात त्या साठ्यावर जगतात तेच टिकतात, बाकीचे हळूहळू जादा गाळाबरोबर बाहेर पडतात. तिसऱ्या टाकीत हा निवडलेला गाळ सलग खाऊ घालून फुगवायचा, मग आम्लाने मारायचा, सेंट्रीफ्यूज करायचा, सुकवायचा आणि पीएचए काढायचं. बॅक्टेरियाच्या पोटात हे प्लॅस्टिक असतं हे लेमॉइन्य या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२६ मध्येच दाखवलं होतं, त्यामुळे मूळ गोष्ट काही नवीन नाही, आपली डोकेदुखी फक्त एवढीच की आपल्याकडे शुद्ध कल्चर आणि साखर नाही, गाळ आहे आणि गाळ रोज वेगळा असतो.

लक्षणं

यातली दोन-तीन तरी दिसत असतील तर पुढे वाचा.

- बॅचच्या शेवटी पीएचएचा टक्का नेहमीच्या निम्म्यावर आलाय, पण गाळाचं एकूण वजन मात्र कमी झालेलं नाही, उलट वाढलंय.
- एसबीआरमध्ये फीड दिल्यावर डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, खाली जातो तो लवकर वर येतच नाही, आधी पाऊण तासात उडी मारायचा, आता दोन-तीन तास लोळत पडतो.
- किंवा याच्या उलट, फीड दिलं तरी डीओ जेमतेम हलतो.
- गाळ नीट बसत नाही, वर फेस, बाहेर जाणारं पाणी गढूळ.
- मायक्रोस्कोपखाली पोटात गोळे दिसतायत, तरी जीसीचा, म्हणजे पीएचए मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफचा, आकडा पडलेला.

हे शेवटचं लक्षण नीट लक्षात ठेवा. सुदान ब्लॅक किंवा नाइल ब्लूने रंगवून गोळे भरपूर दिसत असतील तर बॅक्टेरियांनी आपलं काम केलंय, माल नंतर कुठेतरी हरवतोय. तसं असेल तर पहिली तपासणी झाली की थेट शेवटच्या, नवव्या तपासणीकडे जा, मधलं सगळं वाचून डोकं पिकवू नका.

१. नमुना आणि हिशेब

फुकटची तपासणी, आणि लाज वाटेल इतक्या वेळा चूक इथेच निघते. बॅच संपल्यावर नमुना घेतला आणि ट्यूब टेबलवर ठेवून चहाला गेलात तर त्या ट्यूबमध्ये उपास सुरू झालेला असतो. आत जिवंत बॅक्टेरिया आहेत, बाहेर खायला काही नाही, पोटात साठा आहे, मग ते तोच साठा खाणार, त्यासाठीच तर आपण त्यांना महिनोन्महिने तयार केलंय. आमच्याकडे एकदा संध्याकाळी काढलेला गाळ आम्ल न टाकता बादलीत सकाळपर्यंत राहिला, आदल्या रात्री वेळेत मारलेल्या छोट्या नमुन्यात ४१ टक्के आणि बादलीत २३. नमुना काढल्या काढल्या आम्ल टाकून पीएच २ च्या आसपास आणायचा आणि बर्फात ठेवायचा, मोठ्या बॅचलाही तोच नियम.

दुसरं म्हणजे टक्का कशाचा काढताय? एकूण कोरड्या वजनाचा की फक्त जळणाऱ्या भागाचा, म्हणजे व्हीएसएसचा? गाळात राख चिक्कार असते. राख २५ टक्के असेल तर व्हीएसएसवर ४० टक्के म्हणजे एकूण वजनावर ३० टक्केच. गेल्या महिन्यात एकाने एका पद्धतीने काढलं आणि या महिन्यात दुसऱ्याने दुसऱ्या, की झालं, टक्का "पडला". जीसीसाठी नमुना पूर्ण कोरडा आहे ना तेही बघा, ओलावा राहिला तर मिथेनॉलिसिस, म्हणजे मोजण्याआधी मिथेनॉलने पॉलिमर तोडणं, अर्धवट होतं आणि आकडा खोटाच कमी येतो.

२. डीओ प्रोब पुसा

खरंच, आधी पुसा. प्रोबच्या टोकावर शेवाळासारखा चिकट थर बसतो, त्या थरातले बॅक्टेरिया स्वतःच ऑक्सिजन खातात आणि मीटर तुम्हाला थराचा डीओ दाखवतो, टाकीचा नाही. मऊ कापडाने पुसून प्रोब स्वच्छ पाण्यात धरा, त्या पाण्यात हवा भरपूर सोडलेली असू द्या. समुद्रसपाटीला २५ अंशांवर साधारण ८.३ मिलिग्रॅम प्रति लिटर यायला हवं, ३० अंशांवर ७.५ च्या आसपास, उंचावर असाल तर त्याहून थोडं कमी. आकडा फार वेगळा असेल तर कॅलिब्रेट करा, तरी जमत नसेल तर मेंब्रेन बदला. हे दुसऱ्याच नंबरला यासाठी की पुढचं सगळं निदान डीओच्या रेघेवर उभं आहे, प्रोबच खोटं बोलत असेल तर पुढे साप समजून भुई धोपटत बसाल.

३. फीड खरंच किती जातंय

पेरिस्टाल्टिक पंपाची नळी रोलरखाली दाबून दाबून चपटी होते आणि मग तेवढ्याच वेळात कमी पाणी टाकते. डिस्प्लेवर आकडा तोच, प्रत्यक्षात तीन चतुर्थांश. मोजपात्र घ्या, नळीचं एसबीआरकडचं टोक त्यात सोडा, पूर्ण फीड टायमिंग चालू द्या आणि मोजा, पाच मिनिटांचं काम. नळीचा दाबला जाणारा भाग अधूनमधून पुढे सरकवायचा आणि दर काही आठवड्यांनी नळीच बदलायची हे मी आता वहीत तारीख टाकून करतो.

पण नुसतं किती जातंय एवढ्यावर थांबू नका, काय जातंय तेही बघा. फीडच्या कॅनमध्ये आणि नळीच्या आतल्या भिंतीवर बॅक्टेरिया वाढतात आणि तुमचं व्हीएफए वाटेतच फस्त करतात. म्हणून व्हीएफए कॅनमधून काढलेल्या नमुन्याचं मोजू नका, नळीच्या टोकातून पडणाऱ्या थेंबांचं मोजा. या दोन आकड्यांत मला एकदा जवळपास तीस टक्क्यांचा फरक सापडला होता, नळी कापून उभी चिरली तर आत करडा गुळगुळीत थर, नखाने खरवडला तर साबणासारखा निघत होता. कॅन ४ अंशांवर ठेवला आणि नळी नियमित धुतली की ही भानगड बरीच आटोक्यात येते.

४. डीओची रेघ वाचा, मेजवानी किती वेळ चाललीय

माझ्या मते सगळ्या पोस्टमधला हाच भाग खरा, बाकी सगळं याच्या आजूबाजूचं. फीड पडलं की डीओ झपकन खाली जातो, व्हीएफए संपलं की झपकन वर उडी मारतो, तो खालचा पट्टा म्हणजे मेजवानी. १२ तासांच्या सायकलमध्ये मेजवानी साधारण दोन-सव्वादोन तासांच्या आत संपायला हवी, म्हणजे सायकलच्या पाचव्या हिश्शाच्या आत, आणि पाऊण-एक तासात संपत असेल तर उत्तम.

असं का? उपास लांबला की पेशी आपला वाढीचा कारखाना, म्हणजे प्रोटीन बनवण्याची यंत्रणा, आवरती घेते. मग एकदम खाणं समोर आलं तर तिला लगेच वाढता येत नाही, पण आत घेता येतं आणि पीएचए करून ठेवता येतं, त्यामुळे साठवणारे जिंकतात. मेजवानी लांबली आणि उपास अपुरा पडला की कारखाना चालूच राहतो, खाणं आलं की थेट वाढ, आणि मग जे न साठवता वाढतात त्यांचीही चंगळ होते. म्हणजे बॅक्टेरिया "खराब" झालेले नसतात, आपणच त्यांना उपाशी ठेवायला विसरलेलो असतो. बॅचला गाळाचं वजन वाढतं आणि टक्का पडतो तो यामुळेच.

आता मेजवानी लांबली कशामुळे? सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे टाकीत बॅक्टेरियाच कमी झालेत आणि फीड मात्र तेवढंच आहे. गाळ नीट बसला नाही, वरच्या पाण्याबरोबर वाहून गेला, किंवा जादा गाळ काढायचा व्हॉल्व्ह नीट बंद झाला नाही. आमच्याकडे एकदा सुट्टीच्या दोन दिवसांत व्हीएसएस ३ ग्रॅम प्रति लिटरवरून सव्वाएकवर आलं, मेजवानी ५० मिनिटांवरून तीन तासांच्या वर गेली, आणि सोमवारी सगळे "कल्चर बदललं कल्चर बदललं" करत बसले होते. व्हीएसएस मोजा, ते पडलं असेल तर त्याच प्रमाणात फीड कमी करा, मेजवानी परत आटोक्यात आली की हळूहळू फीड वाढवा. एकदम पूर्ण फीडवर जाऊ नका, मी घाई केली होती आणि परत पहिल्या पानावर आलो होतो. आणि एक सायकल सुधारली म्हणजे झालं असंही नाही, दोन-तीन गाळ-वयं, म्हणजे टाकीतला गाळ दोन-तीनदा पूर्ण बदलेपर्यंत, वाट बघायला लागते.

डीओ जेमतेम हलतोय अशी उलटी केस असेल तर परत तिसऱ्या तपासणीकडे जा, फीड पोचतच नाहीये.

५. हवा

मेजवानीत डीओ शून्याला चिकटून बसत असेल तर बॅक्टेरियांना खायची इच्छा आहे पण श्वास घ्यायला हवा नाही. व्हीएफए आत ओढायला आणि त्याचं पीएचए करायला ऊर्जा लागते, ती ऑक्सिजनवर मिळते, हवा कमी पडली की खाण्याचा वेग पडतो आणि मेजवानी लांबते, म्हणजे चौथा मुद्दा परत. मी मेजवानीत २ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर ठेवायचा प्रयत्न करतो. डिफ्युझरमधून बारीक बुडबुड्यांऐवजी एका कोपऱ्यातून मोठे भकाभका बुडबुडे येत असतील तर तो चोंदलाय किंवा फाटलाय, काढून सौम्य आम्लात भिजवून घासा. ब्लोअरचा फिल्टरही बघा.

६. सडवण्याच्या टाकीतून काय येतंय

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर आता वर चढा. या टाकीत तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, मिथेन. आम्लं बनवणाऱ्या बॅक्टेरियांच्या मागोमाग मिथेन बनवणारे येतात आणि आपलं व्हीएफए खाऊन गॅस करतात. गॅस अचानक वाढला आणि व्हीएफए पडलं की समजायचं पाहुणे आलेत. ते सावकाश वाढतात, म्हणून टाकीत गाळ राहण्याचा काळ कमी केला, दोन-तीन दिवसांवर आणला की ते धुतले जातात, शिवाय पीएच साडेपाचच्या खाली किंवा थेट १० च्या आसपास ठेवला तर त्यांना मानवत नाही. क्षारीय बाजूला गाळ चांगला विरघळतो, पण अल्कली भरपूर लागते आणि पुढे पीएच परत खाली आणावा लागतो, त्यामुळे मला आम्ल बाजूच बरी वाटते.

दुसरी, व्हीएफए सोडून बाकीचं विरघळलेलं खाणं, म्हणजे प्रोटीन, साखरा वगैरे. त्याचं पीएचए सहजी होत नाही, पण त्यावर भलतेच बॅक्टेरिया पोसले जातात. विरघळलेल्या सीओडीत, म्हणजे ऑक्सिजनच्या हिशेबात मोजलेल्या एकूण सेंद्रिय खाण्यात, व्हीएफएचा वाटा किती ते बघा, जितका जास्त तितकं बरं, माझ्याकडे तो निम्म्यावर आला की पुढे हमखास टक्का पडतो. सोबत फीडमध्ये बारीक कण येत असतील तर ते मेलेलं वजन, टक्का काढताना भागाकारात खाली जाऊन बसतं. गाळून किंवा सेंट्रीफ्यूज करूनच फीड घ्या.

तिसरी, आम्लांचं प्रमाण बदलणं. याने टक्का फारसा पडत नाही पण माल बदलतो. ॲसिटिक आणि ब्युटिरिकपासून मुख्यतः हायड्रॉक्सीब्युटिरेट होतं, प्रोपिओनिक आणि व्हॅलेरिक असले की हायड्रॉक्सीव्हॅलेरेट येतं आणि प्लॅस्टिक कमी ठिसूळ होतं. फिल्म अचानक कडक आणि ठिसूळ यायला लागली तर आधी इथे बघा, आणि जीसीवर व्हॅलेरेटचं स्टँडर्ड चालवलंय ना तेही, नाहीतर अर्धा माल मोजलाच जात नाही.

७. नायट्रोजन, आणि फुगवण्याची बॅच

गाळ सडला की प्रोटीन तुटून अमोनिया सुटतो, फॉस्फेटही. एसबीआरमध्ये थोडा हवाच, जुना ठोकताळा सीओडी, नायट्रोजन, फॉस्फरस १००:५:१, नाहीतर बॅक्टेरिया वाढणार कशावर. पण फुगवण्याच्या टाकीत नायट्रोजन भरपूर असला की साठवायच्या ऐवजी वाढ सुरू होते. मॅग्नेशियम घालून पीएच साडेआठ-नऊला स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेटचे खडे, पाडलं की अमोनिया आणि फॉस्फेट बरंचसं खाली बसतं. ज्यांना जमतं ते एसबीआरमध्ये नायट्रोजन मेजवानीत न देता उपासात देतात, म्हणजे वाढायचं असेल तर आधी साठवलेलं असलं पाहिजे, निवड जास्त कडक होते. करायला किचकट आहे पण मला पटलेली युक्ती.

फुगवण्याच्या टाकीत फीड एकदम ओतू नका. ही आम्लं पीएच ७ ला जवळपास सगळी विघटित, म्हणजे आयनांच्या, स्वरूपात असतात, पण पीएच ५ ला ॲसिटिक आम्लाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग अविघटित असतो आणि तोच पेशीत घुसून तिला ताप देतो. छोटे छोटे डोस द्या, डीओ वर उडाला की पुढचा डोस. उड्या मंदावल्या, डोस संपायला आधीपेक्षा फार वेळ लागायला लागला की थांबा, बहुतेक वेळा सहा-आठ तासांत हे होतं. "अजून थोडं" म्हणून रात्रभर चालू ठेवलं तर पोट भरलेले गप्प बसतात आणि न साठवणारे वाढत राहतात, सकाळी टक्का कमी. हे मी दोनदा करून बघितलंय, तिसऱ्यांदा तुम्ही करू नका.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या लॅबमध्ये २००९ साली प्लास्टिसिक्युम्युलन्स ॲसिडिव्होरन्स नावाच्या बॅक्टेरियाचं वर्चस्व असलेल्या कल्चरने ८९ टक्क्यांपर्यंत मजल मारली होती, आणि लोक तो आकडा वाचून आपल्या ४५ ला नावं ठेवतात. ते स्वच्छ ॲसिटेटवर होतं हो.

८. कल्चर

आता, आत्ता कुठे, कल्चरवर संशय घ्या. मायक्रोस्कोपखाली लांब दोऱ्यासारखे फिलामेंट पसरलेत का, गाळ बसण्याचा इंडेक्स १५० च्या वर गेलाय का, फीडमध्ये काही विषारी आलं होतं का. खरंच गेलं असेल तर नेहमीच्या सांडपाणी प्लांटचा ताजा ॲक्टिव्हेटेड स्लज घेऊन परत सुरुवात करा. चांगल्या दिवसांतला थोडा गाळ राखून ठेवायची सवय असेल तर त्याचं बियाणं घाला, काम बरंच लवकर होतं.

९. काढताना हरवतंय का

सुकवताना फार गरम करू नका, पीएचबी, म्हणजे नुसत्या हायड्रॉक्सीब्युटिरेटचं पीएचए, १७५ अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या थोडंच वर तुटायला लागतं, त्यामुळे वितळवून साचा काढतानाही हात आखडता हवा. हायपोक्लोराइटने, म्हणजे ब्लीचने, पेशी विरघळवत असाल तर वेळ मोजा, जास्त वेळ ठेवलं की पॉलिमरच्या साखळ्याही तुटतात, वजन भरतं पण फिल्म बिस्किटासारखी मोडते.

आणि हे ठळक अक्षरात समजा: गाळ आधी आम्लाने पीएच २ ला मारलाय हे विसरून त्यात हायपोक्लोराइट ओतायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो. आधी धुवायचं, पीएच तपासायचा, न्यूट्रलच्या वर आहे हे डोळ्यांनी बघायचं, मगच. अमोनिया असलेल्या पाण्यातही हायपोक्लोराइट नको, क्लोरामाइन होतं.

कुठे थांबायचं

सडवण्याच्या टाकीत डोकं किंवा हात घालून काही सोडवायचं असेल तर थांबा. आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्यांचा वास येतोय म्हणजे कळेल असं समजू नका, प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वासच येत नाही. गॅस डिटेक्टर आणि बंदिस्त जागेत उतरायचं ट्रेनिंग असलेली माणसंच बोलवा. टाकी छोटी असली तरी.

ब्लोअरची मोटर पुन्हा पुन्हा ट्रिप होत असेल तर इलेक्ट्रिशियन. ओल्या जमिनीवर उभं राहून एमसीबी परत परत वर करत बसायचं काम नाही. जीसीची बेसलाइन सरकत असेल आणि स्टँडर्डच दर वेळी वेगळं येत असेल तर सर्व्हिस इंजिनिअर, तुम्ही कॉलम कापत बसू नका. क्लोरोफॉर्मने काढणं टेस्ट ट्यूबपुढे न्यायचं असेल तर फ्यूम हूड, सॉल्व्हंट परत मिळवायची सोय आणि ते काम येणारा केमिकल इंजिनिअर असल्याशिवाय नाही. गाळ हाताळणाऱ्या कुणाला ताप, जुलाब किंवा जखम चिघळणं असं काही झालं तर डॉक्टरांना काम काय आहे ते स्पष्ट सांगा.

आणि एकपासून नऊपर्यंत सगळं करून, दोन-तीन गाळ-वयं थांबूनही टक्का हलत नसेल तर मिश्र कल्चरवर काम केलेला मायक्रोबायोलॉजिस्ट गाठा आणि गाळाचं डीएनए सिक्वेन्सिंग करून घ्या, आत कोण राहतंय ते तरी कळेल. त्यांच्याकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका: शेवटच्या दहा सायकलींची डीओची रेघ, व्हीएसएस, नळीच्या टोकाचं व्हीएफए, फीडमधला अमोनिया आणि टक्का कशावर काढलाय ते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा फक्त टक्क्याचा आलेख नेला होता, समोरच्या बाईंनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, "मेजवानी किती मिनिटं?" मला सांगताच आलं नाही.